रविवारचा चहा

"हिची धर्ममाता जुस्तीताईच होणार," प्रेसिला म्हणाली आणि मिंगेलमामांच्या हातातली खारी चहात पडून तळाला गेली.

मामा चमच्याने ती शोधू लागले. अवघड काही बोलायचं असलं की ते आधी हाताला काम शोधत. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. आयुष्यभर शाळेत मास्तरकी केली आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिलं. वसईतल्या आमच्या गावात निम्म्या लोकांना पहिली प्रार्थना आणि पहिली छडी त्यांच्याच हातची. बाबा गेल्यापासून आमच्या घरातला शेवटचा शब्दही त्यांचाच.

"प्रेसिला, तुझी भावना चांगली आहे," खारीचा नाद सोडून ते म्हणाले. "पण धर्ममाता म्हणजे बाळाला हातात धरून फोटो काढणं नव्हे. जिला स्वतःला कम्युनियन घेता येत नाही, ती पोरीला धर्माची वाट काय दाखवणार?"

ती जुस्ती म्हणजे मी. मी कोपऱ्यात मशीनवर बसून त्याच पोरीचा बाप्तिस्म्याचा पांढरा झगा शिवत होते. मी आपलं पायडल मारत राहिले. सुईत दोरा नव्हता हे मला बरंच पुढे गेल्यावर कळलं.

माझी कथा गावाला तोंडपाठ होती. लग्न झालं, दोन वर्षांत नवरा स्टॅनी दुबईला गेला, तिथे त्याला दुसरी कोणी भेटली आणि त्याने इकडे वकिलाची नोटीस धाडली. मीही सही करून टाकली. नाही तर रेशनकार्डापासून बँकेच्या पासबुकापर्यंत जिथे तिथे स्टॅनीची सही लागायची आणि स्टॅनी काही सापडायचा नाही. कोर्टाचा निकाल लागला, मी माहेरी आले, शिवणाचं दुकान टाकलं. तेव्हापासून मी दर रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जात होते, गाणी म्हणत होते, गुडघे टेकत होते. आणि कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची रांग सुरू झाली की बाकावर बसून राहत होते. आठेक वर्षं झाली होती. घटस्फोट झालेल्या बाईने रांगेत जायचं नसतं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"मामा, हिने काय केलंय पण?" प्रेसिला बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाली. ती माझ्या भावाची, इग्नेशची बायको. इस्पितळात नर्स असल्यामुळे ती डॉक्टरांनाही घाबरत नसे, मग मामा कोण?

"शास्त्र आहे बाई, मी माझ्या पदरचं सांगत नाही. प्रभूने स्पष्ट सांगितलंय, देवाने जोडलेलं माणसाने तोडायचं नाही."

"मग तोडलं कोणी? स्टॅनीने. तो तिकडे मजेत आणि कम्युनियन हिचं बंद?"

"सही दोघांची आहे."

"आणि मोडलेला हात कापला तर दोष कोणाचा, मोडणाऱ्याचा की सर्जनचा?"

मामांना अशा उदाहरणांची सवय नव्हती. ते आईकडे वळले. "कातरीन, तू सांग हिला."

आई दारात उभी राहून मांजराला हाकलत होती. आमच्या मांजराचं नाव पिलात. येशूला मृत्युदंड देऊन हात धुणाऱ्या पिलातासारखा हाही सारखा पंजे धूत बसायचा म्हणून इग्नेशने हे नाव ठेवलं होतं. इतकं गलेलठ्ठ मांजर आमच्या आळीत दुसरं नव्हतं.

"मी काय सांगू, दादा?" आई म्हणाली. "मला यातलं काय कळतंय?" आणि मांजरामागोमाग तीही बाहेर गेली.

मला आईचाच जास्त राग आला. खरं तर या विषयात आईचं तोंड आधीच बंद झालेलं होतं, कारण ती स्वतःही कम्युनियनला जात नसे. तिचं कारण मात्र हास्यास्पद होतं. ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर आधी तासभर पोटात काही जाता कामा नये, हा आमचा नियम. आणि आईला रविवारी मिस्सेच्या आधी चहा लागायचा. लागायचा म्हणजे लागायचाच. मी आंघोळीला गेले की ती कपात चहा ओतायची आणि मागच्या दाराशी जाऊन बसायची. मी बाहेर येईपर्यंत कप विसळून पालथा घातलेला असायचा. चर्चमध्ये कोणी विचारलं तर ही खुशाल सांगे, "मी चहा घेतलाय ना!"

गावात तिच्या चहाची चेष्टा व्हायची. नवीन आलेल्या फादर एलायसनी तर तिला एकदा गाठून सांगितलं, "कातरीनमावशी, वय झालेल्यांना तो तासाचा नियम लागू नाही. चहा घेऊन या, खुशाल या." आई म्हणाली, "नको फादर, आम्ही जुन्या वळणाची माणसं. मन मानत नाही." मला इतकी लाज वाटली! मला हवंय आणि मिळत नाही. हिला मिळतंय आणि ही एका कपासाठी सोडतेय. एकदा मी बोललेही, "देवासाठी तुझा एक चहा सुटत नाही, आई?" ती म्हणाली, "सवय गं," आणि भाजी चिरू लागली.

असो. त्या संध्याकाळी प्रेसिलाने जाहीर केलं की फादरनी स्वतःच्या तोंडाने नाही म्हटल्याशिवाय ती दुसरी धर्ममाता शोधणार नाही.

"मी येणार नाही," मी म्हणाले. "आठ वर्षं मान खाली घालून बसलेय तेवढं पुरे. आता ऑफिसात जाऊन नकार ऐकायची हौस नाही मला."

"तुला काही बोलायचं नाही, ताई. तू फक्त उभी राहा."

"मीही येतो," मामा उठले. "म्हणजे फादरना संदर्भ शोधत बसायला नको." आणि त्यांनी आपलं बायबल काखेत मारलं.

दुसऱ्या दिवशी आमची वरात चर्चच्या ऑफिसात गेली. पुढे बाळाला घेऊन प्रेसिला, मागे मामा, सगळ्यात मागे मी. फादर एलायस टेबलावर बिघडलेला लाउडस्पीकर उघडून बसले होते. हातात स्क्रू ड्रायव्हर, तोंडात दोन स्क्रू. त्यांनी मानेनेच बसा म्हटलं आणि मामांनी खटला मांडला. मामांनी तो चांगला मांडला, हे मला मान्य करायला हवं. मत्तय झाला, मार्क झाला, जुन्या करारातला मलाखी झाला. देवाला सोडचिठ्ठीचा तिटकारा आहे, हे त्यांनी इतक्या जोरात सांगितलं की बाळ रडायला लागलं.

फादरनी तोंडातले स्क्रू काढले. "मास्तर, बरोबर आहे तुमचं. लग्न मोडत नाही. कोर्टाने कागदावर मोडलं तरी चर्चच्या लेखी जुस्तिना अजून त्या माणसाची बायकोच आहे."

"बघ!" मामा प्रेसिलाला म्हणाले.

मी उठायच्याच बेतात होते.

"जुस्तिना," फादरनी मला विचारलं, "तू दुसरं लग्न केलंस?"

"नाही, फादर."

"कोणाबरोबर राहतेस?"

मामांनी छताकडे पाहिलं.

"आईबरोबर," मी म्हणाले. "आणि एक मांजर आहे."

"मग कम्युनियन का घेत नाहीस?"

मला प्रश्नच कळला नाही. मामांनाही नाही. बाळसुद्धा रडायचं थांबलं.

"म्हणजे काय फादर? घटस्फोट झालाय माझा."

"तो झाला ना, पण तू काय केलंस? नवरा टाकून गेला. व्यवहार अडायला नको म्हणून कोर्टात गेलीस. चर्च त्याला पाप म्हणत नाही. लग्न टिकून असताना दुसरा संसार मांडला तर अडचण येते. तो त्याने मांडलाय, तू नाही."

"पण फादर," मामांनी बोटाने पान पकडून ठेवलं होतं, "टाकलेल्या बाईशी जो लग्न करतो तो व्यभिचार करतो, असं इथे…"

"हो. मग हिच्याशी केलंय का कोणी?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"पौलाचं पहिलं पत्र काढा, मास्तर. करिंथवाल्यांना लिहिलेलं. सातवा अध्याय. बायकोने नवऱ्याला सोडू नये म्हणतो, त्याच्या पुढचं वाचा."

मामांनी चष्मा वर केला, खाली केला. त्यांनी तो भाग शंभरदा शिकवला असेल. ते मनातल्या मनात वाचत गेले आणि मग त्यांचा आवाज आपोआप बाहेर आला. बायकोने सोडू नये; पण वेगळी झालीच, तर तिने लग्नावाचून राहावं किंवा नवऱ्याशी समेट करावा. इतकंच होतं. तिला बाहेर काढा, असं पुढे कुठेच नव्हतं. मामांनी पान उलटून मागेही पाहिलं.

"पण एक सांगतो, जुस्तिना," फादर म्हणाले. "उद्या तुला दुसरं लग्न करावंसं वाटलं, तर मी ते लावू शकणार नाही. तुझं पहिलं लग्न मुळातच वैध झालं नव्हतं, असं बिशपांच्या न्यायमंडळाने ठरवलं तरच. हे कडू आहे, पण तुझ्यापासून लपवणार नाही."

"एकदा केलं तेवढं पुरे, फादर," मी म्हणाले. प्रेसिला हसली. मीही हसले, पण आतून मला ते थोडं लागलंच. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते.

"तुला नको म्हणून सांगितलं कोणी पण?" फादरनी विचारलं.

"फादर गास्परनी." हे त्यांच्या आधीचे, फार कडक.

"तुला सांगितलं?"

"मला नाही. मामांना सांगितलं."

"मला?" मामा दचकले. "मला कुठे? मला कातरीनने सांगितलं, की जुस्ती आता रांगेत जात नाही. मी समजलो, फादर गास्परनीच थांबवलं असणार."

"आणि फादर गास्परना वाटलं असेल की हिचं मन अजून तयार नाही, विचारून कशाला दुखवा," फादर एलायस म्हणाले आणि पुन्हा लाउडस्पीकरमध्ये डोकं घातलं. "धर्ममाता म्हणून मी तुझं नाव लिहितोय. शनिवारी कन्फेशनला ये. आणि मास्तर, जाता जाता तो वायरचा तुकडा द्या इकडे."

घरी आल्यावर मामा थेट स्वयंपाकघरात गेले. "कातरीन, हिला कम्युनियन घेऊ नको असं तुला कोणी सांगितलं होतं?"

आईच्या हातात बोंबील होते. "मला? मला कोण सांगणार? हीच बसून राहिली. निकाल लागल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी. मला वाटलं, फादरनी हिला बोलावून सांगितलं. तेव्हा तिचं तोंड बघवत नव्हतं, दादा. आणखी काय विचारणार?"

आता सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी का बसून राहिले होते त्या रविवारी? मी आठवू लागले. शुक्रवारी निकाल लागला होता. शनिवारभर मी काही खाल्लं नव्हतं. रविवारी चर्चच्या वाटेवर डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून पिशवीत होतं ते वाळवलेलं सुकेळं खाल्लं. फाटकापाशी शेवटचा घास गिळला.

"सुकेळं!" मी ओरडले.

"काय?"

"मी सुकेळं खाल्लं होतं! तास झाला नव्हता! म्हणून नाही गेले मी रांगेत!"

"आणि दुसऱ्या रविवारी?" प्रेसिलाने विचारलं.

"दुसऱ्या रविवारी मी उठणार होते, तर आईने हात धरला."

"मी तुला अडवायला नव्हता धरला गं," आई म्हणाली. "तू रडशील असं वाटलं म्हणून धरला."

प्रेसिला आधी हसली. मग इग्नेश, मग मी. मी हसत हसत खाली बसले आणि मला कळेना की मी हसतेय की रडतेय. एका वाळवलेल्या केळ्याने मला आठ वर्षं रांगेबाहेर ठेवलं होतं. आमच्या गावात पापलेटाचा भाव तीनदा विचारल्याशिवाय कोणी टोपलीला हात लावत नाही, पण माझं मन जपण्यासाठी एकानेही मला एक प्रश्न विचारला नव्हता. मामा मात्र हसले नाहीत. ते माझ्यापाशी आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, मी तरी विचारायला हवं होतं." मग त्यांनी चहा मागितला आणि त्यात काही न बुडवता तो प्यायले.

शनिवारी मी कन्फेशनला गेले, आठ वर्षांची पापं सांगितली. आईही आली. बाप्तिस्मा आहे म्हणून आली असेल, असं मी समजले.

रविवारी सकाळी मी लवकर उठले. आंघोळीला जाताना पाहिलं तर आई नेहमीसारखा कपात चहा ओतत होती. मला वाईट वाटलं. आज तरी सोडायचा होता. पण सणाच्या दिवशी भांडण नको म्हणून गप्प राहिले.

मिस्सा सुरू झाली. माझं कशात लक्ष नव्हतं. रांगा सुटायला लागल्या. आमच्या बाकाची पाळी आली. मी उठले. मागच्या बाकावर कुजबुज झाली, ती मी ऐकली आणि तशीच उभी राहिले. तेवढ्यात माझ्या शेजारी आईही उठली.

"आई," मी पुटपुटले, "तुझा चहा?"

"नाही घेतला."

"मी सकाळी पाहिलं ना."

"पुढे चल. लोक खोळंबलेत."

रांगेत वाद घालता येत नाही. मी पुढे गेले. फादर एलायसनी ख्रिस्तप्रसादाची भाकर माझ्या हातावर ठेवली, मी आमेन म्हटलं आणि माझ्या मागून आईचं आमेन ऐकलं. पलीकडच्या रांगेत मामा उभे होते. आम्ही परत बाकावर बसेपर्यंत ते आमच्याकडेच पाहत होते आणि त्यांच्या मागची माणसं त्यांना पुढे ढकलत होती.

दुपारी बाप्तिस्मा झाला. माझ्या हातात माझ्या भाचीने डोक्यावरचं पाणी आवडलं नाही म्हणून अख्खं चर्च डोक्यावर घेतलं. आता ती अकरावीत आहे आणि अजूनही तशीच आहे. पण ते नंतरचं. त्याआधी, मिस्सा संपवून घरी आले तेव्हा मी कपडेही न बदलता थेट मागच्या दाराशी गेले.

पायरीवर पिलात बसला होता. त्याच्यासमोर एक बशी होती, चाटून लख्ख केलेली. पण कडेला चहाचे डाग होते, जुने, एकावर एक बसलेले, घासून न निघणारे. मी बशी उचलली तर तो माझ्याकडे पाहून मिशा चाटू लागला.

आई मागे येऊन उभी राहिली होती.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

तिने बशी माझ्या हातातून घेतली.

"आई, रविवारचा चहा तू कधीच प्यायली नाहीस?"

"मला कुठे सकाळी उठल्या उठल्या चहा जातो?" ती म्हणाली.

"मग कम्युनियन का सोडलंस? ईस्टरलासुद्धा? नाताळलासुद्धा?"

ती पायरीवर बसली. गुडघ्यांवरून हात फिरवत म्हणाली, "अगं, सगळं चर्च उठून जातं आणि बाकावर एकच माणूस उरतं. ते सगळ्यांना दिसतं. दोघी बसल्या की कोण बघतंय?"

मी तिच्या शेजारी बसले आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडले. देवासाठी एक कप चहा सुटत नाही, असं मी तिला म्हणाले होते. ती मला थोपटत राहिली, सकाळची चोळी आता चुरगळेल असंही म्हणाली. पिलात आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसला आणि पंजे धुवायला लागला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी उपाशीपोटी मिस्सेला निघालो. तर निघता निघता आई मागे वळली, चूल पेटवली आणि आधण ठेवलं.

"आता कोणासाठी?" मी म्हणाले. "आता लपवायचं काय राहिलंय?"

आईने चहा गाळला, फुंकर घालून निववला आणि बशीत ओतला.

"त्याला आठ वर्षांची सवय आहे," ती म्हणाली. "तो का उपाशी राहील? त्याने काय केलंय?"